आवाज आल्यास कळवणे

शुक्र. १२ फेब्रु. ९९

लूम बंद. मालक हनीफशेटबरोबर ठाण्याला, शोरूममध्ये. गाडी नावावर करायचे कागद दिले. सामंत म्हणून सेल्समन आहे, टाय लावतो, चहा पाजला.

लाल गाडी, दोनच सीटा, वरचा टप काढता येतो. शेटच्या मुलाने गेल्या मार्चमध्ये नवी घेतली, पाच-सहा महिने उडवली आणि मस्कतला नोकरीला गेला. तेव्हापासून शेडच्या पडवीत सुताच्या बीमांच्या बाजूला, ताडपत्रीखाली. रोज जाता-येता बघायचो. वळ गावातली जमीन गोडाऊनवाल्याला गेली, भावाभावांत वाटण्या झाल्या, घराचं काम झालं, उरलं त्यात ही. शेटने दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. म्हणाला, "मास्तर, तू घेतलीस तर निदान नजरेसमोर राहील."

एक्कावन्नाव्या वर्षी दोन सीटची गाडी. लोक हसतील. हसू देत.

सामंत म्हणाला, कंपनीची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते, दोन वर्षं वाढवून घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं त्यात. शेटने हात झटकला. "अरे, हा माझा मास्तर आहे. चोवीस लूम नुसत्या कानावर चालवतो. इंजिन खोकलं तर तुमच्या वर्कशॉपच्या आधी याला कळेल."

सामंत हसला. मीही हसलो. विचार करून सांगतो म्हटलं.

शनि. १३ फेब्रु.

संध्याकाळी राहनाळला, नारायणच्या गॅरेजवर. शाळेपासूनचा दोस्त, नारायण पाटील. वॉरंटीचं सांगितलं तर पाना खाली ठेवून बघत राहिला. "मी हाय ना. कागद कशाला पायजे तुला? हितं टेम्पोवाले मुंबईवरनं येतात माज्याकडं."

खरं आहे. शोरूमवाले मागे लागतात म्हणून विषय सोडला.

रवि. १४ फेब्रु.

इथे तरी लिहून ठेवतो.

डिसेंबरात सात नंबरच्या लूमजवळ उभा होतो. पाठ तिकडे. रामसेवकने बाही धरून ओढलं. रामसेवक आमचा सगळ्यात जुना कारीगर, माझ्याही आधीपासून शेटकडे. लूमची, धोटा फेकणारी पिकिंग स्टिक सुटून आपटत होती, चार लूम पलीकडचे कारीगर माना वळवून बघत होते. मी हातभर अंतरावर. मला काही नाही. नेहमीचा गडगडाट, बस. रामसेवकला वाटलं मी विचारात आहे. "मास्टर, कहाँ खो गये?"

शेडमध्ये कुणी कुणाशी बोलतच नाही. बोट वर म्हणजे धागा, मूठ म्हणजे बंद कर, तळवा म्हणजे थांब. सव्वीस वर्षं खुणांवर चाललं. म्हणून कुणाला पत्ता नाही. घरी टी.व्ही. मोठा लावतो, बायको, शालिनी, म्हणते लूमवाल्यांची सवय.

मी हल्ली लूमच्या फ्रेमवर हात ठेवून काम करतो. कुठे हादरा वेगळा आहे ते हाताला कळतं. लोकांना वाटतं मास्तर टेकून उभा राहतो, थकला.

पण गाडी चालवताना इंजिनवर हात कसा ठेवणार?

मंगळ. १६ फेब्रु.

दुपारी दाताचं सांगून निघालो. ठाणे. वाढीव वॉरंटी घेतली. शेटला, नारायणला, कुणाला बोललो नाही. शा.ला सांगितलं, ती म्हणाली बरं केलंत.

सामंतने अटी वाचून दाखवल्या. दर तीन महिन्यांनी यांच्याकडेच सर्व्हिस. बाहेरच्या कुणी बॉनेट उघडून काही केलं तर वॉरंटी गेली. आणि कलम नऊ – इंजिनमध्ये वेगळा आवाज आल्यास गाडी ताबडतोब थांबवून कळवणे.

"वेगळा म्हणजे कसला?" मी विचारलं.

"अहो, ते कळतंच माणसाला."

सही केली.

शनि. २७ फेब्रु.

गाडी घरी आणून आठ दिवस झाले. आज नारायण आला, हात पुसत पुसत, सोबत स्वतःची पेटी. नव्या गाडीचा टायमिंग बघतो म्हणाला. बॉनेटला हात घातला आणि मी "नको" म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन. आळीतले बघायला लागले.

मग वॉरंटीचं सांगावं लागलं.

"म्हंजे मी हात लावला तर गारी बाटल का?"

"तसं नाही रे. कागदात आहे."

"कागदात हाय." पेटी उचलली. "माज्या हातावर भरोसा न्हाय तुजा. सरळ बोल ना."

चहा न घेता गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शा. आतून ट्रे घेऊन आली, तीन कप.

रवि. २१ मार्च

अर्धी सुट्टी. शा.ला घेऊन वाडा रोडने लांबवर. टप काढला. शेलार गाव सोडल्यावर रस्ता मोकळा. तिने पदर डोक्याला घट्ट बांधला होता, पहिल्यांदा घाबरून दाराला धरून, मग सोडलं. वारा तोंडावर. सव्वीस वर्षं पत्र्याखाली काढली, कापसाचा तूस नाकात. आज नाक मोकळं.

ती बरंच बोलत होती. मी रस्ता बघत होतो, हं हं करत होतो. एकदा तिने दंडाला हात लावून काहीतरी विचारलं. चेहऱ्यावरून साधं वाटलं. हो म्हटलं.

परत येताना गप्प होती. खूश दिसली.

मंगळ. २३ मार्च

काय विचारलं ते आज कळलं. शा.ला हेडमास्तरीण म्हणून बढती देतायत, वाड्याच्या पुढच्या गावातली शाळा. दोन बसा जायला, दोन यायला. गेली तीन वर्षं ती नाही म्हणत होती, कारण मी नाही म्हणत होतो. घरी कोण, जेवणाचं काय, एवढ्या लांब कशाला. रविवारी गाडीत तिने विचारलं, या वेळी हो म्हणू का. मी हो म्हणालो.

आज लिहून दिलं तिने. जूनपासून. मला म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. पहिल्यांदा तुम्ही एका दमात हो म्हणालात. मी रस्ताभर तेच धरून बसले होते."

भाजी छान झालीय म्हटलं.

बुध. १४ एप्रिल

जयंती. आळीतल्या मंडळींनी गाडी मिरवणुकीत पुढे लावली, निळे झेंडे दोन्ही बाजूंना. चार तास पहिल्या गिअरमध्ये. ढोल छातीत ऐकू येतात, ते कधी जाणार नाहीत. शा. विहारापाशी बायकांत उभी, हात हलवला.

नारायणला बोलावणं पाठवलं होतं. दरवर्षी येतो. नाही आला.

सोम. १७ मे

सर्व्हिस करून आणली, ठाणे. सगळं ठीक म्हणाले. सामंतने वहीत शिक्का मारून दिला.

शुक्र. २८ मे

वाईट दिवस. नीट लिहून ठेवतो.

सकाळी ठाण्याला निघालो, शा.ला नवीन शाळेसाठी बॅग घ्यायची म्हणून. एकटाच. राहनाळच्या नाक्यावर नारायण गॅरेजच्या बाहेर उभा दिसला. दोन्ही हात वर करून हलवत होता. तीन महिन्यांनी. मला इतकं बरं वाटलं की मीही हात वर केला, हॉर्न दिला आणि पुढे गेलो. येताना थांबू म्हटलं, निवांत बसू.

माणकोलीच्या अलीकडे स्टिअरिंगमध्ये हादरा आला. हाताला कळलं पण उशीर झाला. मग झटका, गाडी जागच्या जागी बंद. बॉनेटमधून धूर.

पाच मिनिटांत नारायण स्कूटरवर. उतरायच्या आधीच ओरडत होता, तोंडावरून कळत होतं. जवळ आल्यावर ऐकू आलं. "बंद कर, बंद कर म्हणून बोंबललो! इंजिन आपटतंय! आख्ख्या नाक्याला ऐकू गेलं, चहावाला भाईर आला. नि तू हात दाखवून गेलास?"

मी म्हटलं, मला वाटलं तू...

"काय वाटलं?"

काही नाही म्हटलं.

त्याने बॉनेट उघडलं नाही. हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, "तुज्या कंपनीला बोलाव." पण दोरी त्यानेच आणली, बाजूला ओढायला टेम्पोही त्यानेच थांबवला.

शनि. २९ मे

शोरूमच्या क्रेनने गाडी ठाण्याला. शेडमध्ये सगळ्यांना कळलंय. शेट म्हणाला, "मास्तर, तुझ्या हातून असं?" त्याला खरंच नवल वाटलं. रागावला असता तर बरं होतं.

शुक्र. ४ जून

वर्कशॉप. तिथले इंजिनिअर राव, वयस्कर, शांत माणूस. इंजिन उघडून टेबलावर मांडलेलं. ऑइल पंप गेला होता, त्यात माझा दोष नाही, असं स्वतःच म्हणाले. ऑइलचा लाल दिवाही लागला नसणार, त्याची वायर आतून तुटलेली. इथपर्यंत सगळं वॉरंटीत.

मग बेअरिंगचा तुकडा हातात दिला. चाटून काढल्यासारखा झिजलेला.

"हे एका दिवसाचं काम नाही, जाधव. निदान आठ-दहा दिवस ही गाडी वाजत होती. तुम्ही चालवत राहिलात. कलम नऊ."

"मला आवाज आला नाही."

"असं होत नाही हो." रागाने नाही, समजावून. "हा आवाज रस्त्यावरच्या माणसाला येतो."

फॉर्म दिला. तिसरा रकाना – आवाज प्रथम केव्हा ऐकला? तारीख लिहा.

सामंत बाहेर सोडायला आला. हळू बोलला, मला पुन्हा सांगायला लावावं लागलं. "अठ्ठावीस मे लिहा. त्याच दिवशी. कुणी साक्ष दिली तर मी बघतो वरती."

रकाना मोकळा. फॉर्म घरी आणला.

रवि. ६ जून

नारायणकडे गेलो. आधी सामंतचं सांगितलं. लगेच म्हणाला, "लिवून देतो. त्याच दिवशी वाजाया लागली. माजी सही चालंल ना?" तीन महिने बोलत नव्हता आणि खोटं लिहून द्यायला एक मिनिट लागलं नाही.

तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "नारायण, मला ऐकू येत नाही."

"आता तर बोलतोय तुज्याशी."

"तू समोर आहेस. तोंड दिसतंय. बारीक आवाज, धातूचा आवाज, टकटक, शिट्टी, ते गेलं. वर्ष झालं असेल. जास्तही. म्हणून वॉरंटी घेतली. तुझ्या हातावर भरोसा होता रे. तुला गाडी दाखवायला मला आधी कळायला नको का, की काही बिघडलंय?"

तो बराच वेळ पाना फडक्याने पुसत होता. स्वच्छच होता पाना.

मग उठून समोरचा टेम्पो चालू केला. माझा हात धरून इंजिनच्या कव्हरवर ठेवला, स्वतः मागे जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी डोळे मिटले. चार ठोके, एक अर्धा. "तिसरा सिलेंडर मिस करतोय," म्हटलं.

वळला. डोळे ओले होते, कबूल करणार नाही. "कालपास्नं शोधतोय मी ते," म्हणाला. मग: "शेटला ठावं हाय?"

नाही.

"सांगू नको. दुसरा मास्टर ठेवील तो."

बुध. ९ जून

शा.ला सांगितलं. म्हणजे तिनेच काढून घेतलं. फॉर्म सापडला तिला, मोकळा रकाना. पोळ्या थांबवून, गॅस बंद करून, समोर पाटावर बसली. शाळेत मुलांना बसवते तसं मला.

सगळं ऐकून घेतलं. टी.व्ही., फोन न उचलणं, होस्टेलवरच्या लेकीच्या, प्रज्ञाच्या कॉलेजचा कार्यक्रम. एकेक जुळवत होती, बोटं मोजत. आणि मग थांबली.

"म्हणजे वाडा रोडला, मी विचारलं तेव्हा..."

मी मान खाली घातली.

उठून गेली. अर्धा तास गॅलरीत, दोरीवरचे कपडे काढत होती, कपडे संपले तरी. परवा तिची शाळा सुरू होणार. नवी बॅग खुंटीला.

परत आली, पुन्हा समोर बसली, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे केलं. "आता बघून ऐका. मी जाऊ का नको?"

मला खरंच विचार करावा लागला. घर रिकामं राहील हे खरं. बसा वाईट, पावसात रस्ता जातो. पण त्या दिवशी येताना तिचा चेहरा कसा होता, तेही आठवलं.

"लांब आहे," म्हटलं. "पण जा."

"या वेळी एका दमात म्हणाला नाहीत."

"नाही."

"हे चालेल," म्हणाली. पोळ्या गार झाल्या होत्या. तशाच खाल्ल्या.

शुक्र. ११ जून

शा.चा पहिला दिवस. साडेपाचला गेली. मी ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे. नाव-गाव विचारल्यावर भिवंडी ऐकून डॉक्टर म्हणाले, "लूम?" हो म्हटलं. पुढे काही विचारायची त्यांना गरजच पडली नाही.

तपासणीचा कागद दिला. आडव्या-उभ्या रेघा, त्यावर वाकडी रेघ, डावीकडे ठीक, मध्यापासून घसरत थेट तळाला. दोन्ही कान जवळजवळ सारखे. "गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळा. मशीन लावा कानाला. आणि शेडमध्ये कानात कापूस नाही, नीट बूच घालून काम करा."

सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कापूस तर आमच्याकडे हवेतच असतो.

सर्टिफिकेट घेतलं.

शुक्र. १८ जून

फॉर्म भरला. तिसऱ्या रकान्यात तारीख नाही. लिहिलं – आवाज ऐकू आला नाही. मला कमी ऐकू येते. सोबत डॉक्टरांचा दाखला. नारायणने विचारलं, खोटं लिवणार न्हाय का? म्हटलं, खोटं लिहिलं आणि पुन्हा इंजिन वाजलं तर? मग पुन्हा खोटं लिहू?

सामंतने वाचलं. टाय सैल केला. "जाधवसाहेब, असं कुणी लिहून देत नाही."

राव आतून आले, तेही वाचून गेले. जाताना माझ्या खांद्याला हात लावला. समोर येऊन, तोंड दिसेल असं म्हणाले, "मी माझी शिफारस लिहितो. पुढचं मुंबईच्या ऑफिसच्या हातात."

गाडी कोपऱ्यात, कव्हर घालून. इंजिन टेबलावरच.

बुध. ३० जून

पत्र आलं मुंबईहून. इंग्रजी. शा.ने वाचलं. नाकारलेलं नाही. बहिरेपण केव्हापासून आणि कशामुळे याची खात्री हवी. कामाच्या ठिकाणचं पत्र जोडा – किती वर्षं, कोणतं काम, तिथे आवाज किती. मालकाच्या सहीने.

म्हणजे शेटला सांगायचं.

शनि. ३ जुलै

सांगितलं. शेडच्या मागे त्याच्या खोलीत, दार लावून. दार लावलं तरी पायाखाली फरशी हलते तिथे.

शेटने चष्मा काढला. "कधीपासून, मास्तर?"

"वर्ष-दीड वर्ष."

"आणि माझ्या लूम?"

"हातावर चालवतो. तुम्हीच बघा, दीड वर्षात माल कुठे खराब गेला?"

बघितलं नाही. त्याला माहीत आहे नाही गेला ते. म्हणाला, "मी बाजारात सांगतो, माझा मास्तर कानाने लूम ओळखतो. माझ्या अब्बांनी तुला आणला. तुला मी काढणार नाही. ते मनात आणू नको."

मग पत्राचं बोललो. वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"हे नाही देता येणार."

"का?"

"मी सही करून लिहायचं, की माझ्या शेडच्या आवाजाने माणूस बहिरा होतो? उद्या हा कागद कोण कुठे दाखवेल? बाहेर तीस कारीगर आहेत, मास्तर. तुझ्या एका इंजिनासाठी मी ते लिहू?"

इंजिनासाठी. हो. मी तेवढ्यासाठीच गेलो होतो.

तो चुकीचं बोलला असंही म्हणता येत नाही. रागही आला. दोन्ही घेऊन बाहेर आलो, बारा नंबरला धागा तुटला होता, बसवला.

शुक्र. ९ जुलै

शेटने घरी माणूस पाठवला, पाकीट घेऊन. लेटरहेडवर चार ओळी. मधुकर जाधव माझ्याकडे सव्वीस वर्षांपासून मास्तर आहेत, प्रामाणिक आहेत, चालचलन चांगलं. सही, शिक्का. आवाजाचं अक्षर नाही. सोबत एक डबा मिठाई.

नारायण म्हणाला, हे घेऊन गारी मिळंल का लगीन जमंल? खूप दिवसांनी हसलो.

सामंतला फोन केला, शा.ने बोलून सांगितलं. नाही चालणार म्हणाला. आवाजाचा उल्लेख हवाच.

सोम. १२ जुलै

शेडमध्ये सगळ्यांना कळलंय. भिंतीपलीकडे काही ऐकू जाणं तिथे शक्यच नाही, तरी कानाचं कळलं. कुणी चिडवत नाही. उलट आज दोघे-तिघे समोर येऊन, तोंड मोठं करून बोलले. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत, लूम थांबल्यावर, रामसेवक शेजारी येऊन बसला. बत्तीस वर्षं झाली त्याला या शेडमध्ये. बराच वेळ भाकरी मोडत होता. मग म्हणाला, "मास्टर, वो कागज़ कहाँ बनता है?"

"कुठला?"

"कान वाला." भाकरी खाली ठेवून: "गाँव जाता हूँ तो पोती बोलती है, मैं होंठ देखता हूँ. सोचा बच्ची है, धीरे बोलती होगी."

मी विचारलं, तुला काय करायचाय कागद? तुझी कुठे गाडी आहे?

"मालूम तो पड़े," म्हणाला.

शुक्र. १६ जुलै

घरीच. पाऊस. शा.ला रात्री रामसेवकचं सांगितलं. ती म्हणाली, मालकाने नाही लिहिलं तर कारीगरांनी लिहून द्यावं, आवाज किती ते. तिथे काम करणाऱ्यांइतकं कुणाला माहीत आहे? कंपनी मानेल का, माहीत नाही. शेट काय म्हणेल ते मात्र माहीत आहे.

सव्वीस वर्षांचा संबंध आहे. त्याच्या अब्बांच्या मयतीला मी खांदा दिलाय.

लिहिलं नाही अजून काही. रावांना फोन केला होता, नारायणने मध्ये बोलून. ते म्हणाले ऑगस्टअखेरपर्यंत फाईल उघडी ठेवतो.

मंगळ. २० जुलै

शेट शेडमध्ये फिरताना माझ्याजवळ थांबला. मी फ्रेमवर हात ठेवून होतो. त्यानेही हात ठेवला, माझ्या हाताशेजारी. जरा वेळ तसाच उभा. काय कळलं त्याला, माहीत नाही. खुणेने विचारलं, ठीक? मी खुणेने सांगितलं, ठीक. गेला.

शुक्र. २३ जुलै

लूम बंद. ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे, बसने. रामसेवक, शिवाय आठ नंबरचा इस्माईल आणि रात्रपाळीचा गंगाराम. चौघे. येतो येतो म्हणणारे आणखी होते, सकाळी स्टँडवर आले नाहीत. शेटला कळणार हे तिघांनाही ठाऊक आहे. इस्माईल तर त्याच्याच नात्यातला. वर्कशॉपच्या अंगावरूनच बस गेली. कुणी गाडीचं विचारलं नाही, मीही उतरून बघून येतो म्हटलं नाही.

डॉक्टरांनी मला ओळखलं. एकेकाला बोलावतो म्हणाले.

पहिला रामसेवक. काचेची लहान खोली. तो आत गेला, चपला बाहेर काढून, देवळात जातात तसा. तपासणाऱ्या बाईंनी त्याच्या कानांवर हेडफोन लावला आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, त्यांना सांगा, आवाज आला की बोट वर करायचं. मी काचेतून खूण करून दाखवलं. आमची शेडमधली धाग्याची खूण. त्याला लगेच कळली. हसला, बोट तयार ठेवलं, गुडघ्यावर.

बाईंनी बटण फिरवायला सुरुवात केली. रामसेवक माझ्याकडे बघत होता. बोट गुडघ्यावर. बाईंनी थोडं आणखी फिरवलं. तो बघतोय. भुवया वर करून मला विचारलं, सुरू झालं का?

मी बाईंच्या हाताकडे बघितलं, बटण अर्ध्याच्या पुढे गेलं होतं, मग त्याच्याकडे. तळवा दाखवला. थांब. बघ.